भोंग्याला हवा असतो वेळ

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात आणि शेजारच्या उमरगा भागात गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले. मिरवणुकीत नाचून थकलेली माणसे उशिरा घरी आली आणि गाढ झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार आणि इतर काही नोंदींप्रमाणे दहा हजारांच्या जवळपास माणसे त्या पहाटे मेली.

हा भाग शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, युद्धात विमाने येण्याआधी भोंगा वाजतो, तसा त्या रात्री वाजवता आला नसता का?" प्रश्न साधा आहे आणि त्याला 'नाही' असे एका शब्दात उत्तर देऊन पुढे जाता येते. पण तसे केले तर एक चांगली संधी हातची जाते. भोंगा म्हणजे काय, तो कसा घडत गेला, तो केव्हा उपयोगी पडतो आणि केव्हा पडत नाही, हे सगळे या एका प्रश्नात दडलेले आहे. म्हणून थोडे मागे जाऊन सुरुवात करू.

चकती, भोके आणि हवा

सोलापूर, नांदेड यांसारख्या गिरणीच्या गावांत दिवस भोंग्यावर चाले. पाळी सुरू झाल्याचे कामगाराला त्यावरून कळे आणि गृहिणीला घड्याळाची गरज पडत नसे. गिरणीचा हा भोंगा म्हणजे खरे तर वाफेची शिट्टी. वाफ एका कडेवर आदळते आणि पोकळीतील हवा कंप पावते. पोकळीची लांबी ठरलेली असते, म्हणून सूरही जवळजवळ एकच.

ज्याला आपण सायरन म्हणतो त्याचे तत्त्व वेगळे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन रॉबिसन याने हवेचा झोत ठरावीक अंतराने तोडून सूर निर्माण करता येतो हे दाखवले. १८१९ साली फ्रान्समधील कान्यार द ला तूर याने त्याचे व्यवस्थित उपकरण बनवले. एक स्थिर चकती, तिच्यावर फिरणारी दुसरी चकती, दोन्हींना गोलाकार रांगेत भोके. भोकांसमोर भोके आली की हवा सुटते, सरकली की अडते. हे उपकरण पाण्याखालीही वाजत असे. म्हणून ग्रीक पुराणातील, समुद्रात गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरन यांचे नाव त्याने त्याला दिले. खलाशांना मृत्यूकडे ओढणाऱ्यांचे नाव पुढे जीव वाचवणाऱ्या यंत्राला चिकटले, ही भाषेची गंमत.

या उपकरणाचे महत्त्व मोजणीत होते. चकतीला १० भोके असतील आणि ती सेकंदाला ४४ फेरे घेत असेल, तर हवेचे ४४० झोत सुटतात आणि ४४० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. सुराची उंची म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, हे मोजून दाखवण्याचे सोपे साधन विज्ञानाला मिळाले. पुठ्ठ्याच्या चकतीला भोके पाडून, ती हाताने फिरवायच्या ड्रिलवर बसवून आणि नळीने फुंकर घालून हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो.

पुढे हीच चकती विजेच्या मोटरवर बसली आणि दुसऱ्या महायुद्धात शहराशहरांच्या छपरांवर गेली. मोटर सुरू केली की ती हळूहळू वेग घेते, म्हणून सूर खालून वर चढतो. वीज तोडली की वेग उतरतो आणि सूरही उतरतो. हेच पुनःपुन्हा केले की काळजाचा ठोका चुकवणारा तो चढउताराचा आवाज तयार होतो. आपल्या नागरी संरक्षणाच्या पद्धतीत चढउताराचा आवाज म्हणजे धोका आणि एकसारखा लांब आवाज म्हणजे धोका टळला. १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी हे दोन्ही आवाज ऐकले आणि ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावात नव्या पिढीनेही ऐकले.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवू, कारण ती पुढे लागणार आहे. मोटरच्या भोंग्याला पूर्ण सूर गाठायला काही सेकंद लागतात. विमाने काही मिनिटांच्या अंतरावर असताना या सेकंदांनी काही बिघडत नाही.

दोन आय.सी.चा भोंगा

हे सेकंद इलेक्ट्रॉनिक भोंग्याने वाचवले. त्यात फिरणारा भागच नाही. सूर एका मंडलात तयार होतो, वर्धकातून मोठा होतो आणि कर्ण्यातून बाहेर पडतो. बटण दाबताच पूर्ण आवाज. शिवाय तो बॅटरीवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी मुका होत नाही.

शाळेत असा भोंगा करायचा तर सर्वांत सोयीची आय.सी. म्हणजे ५५५. सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी हान्स कामेनझिंड या स्विस वंशाच्या अभियंत्याने १९७१ साली ती रचली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. तिचे काम समजायला माठाचे उदाहरण पुरते. एक कपॅसिटर रोधांमधून हळूहळू भारित होतो. त्यावरील दाब पुरवठ्याच्या दोन तृतीयांश झाला की आय.सी. त्याला रिकामा करू लागते. दाब एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरणे सुरू. भरणे आणि रिकामे होणे या चक्राबरोबर तिसऱ्या पायावरचा दाब वर-खाली होतो. सेकंदाला अशी किती चक्रे होतील हे एका सूत्राने मिळते: १.४४ ला कपॅसिटर आणि (पहिला रोध अधिक दुसऱ्या रोधाची दुप्पट) यांच्या गुणाकाराने भागायचे.

आता पहिला रोध १० किलोओहम आणि दुसरा ६८ किलोओहम घ्या. कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा असेल तर उत्तर येते सुमारे ९८६ हर्ट्झ, म्हणजे कानाला टोचणारा सूर. रोध तेच ठेवून कपॅसिटर हजारपट, म्हणजे १० मायक्रोफॅरडचा घ्या. उत्तर हजारपट कमी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक चक्र. अशी दोन मंडले शेजारी बांधायची. प्रत्येकात पहिला रोध धन टोकापासून सातव्या पायापर्यंत, दुसरा सातव्यापासून एकत्र जोडलेल्या दुसऱ्या व सहाव्या पायापर्यंत आणि तेथून कपॅसिटर ऋण टोकाकडे. चौथा व आठवा पाय धन टोकाला, पहिला ऋण टोकाला. मग संथ मंडलाचा तिसरा पाय १० किलोओहमच्या रोधातून जलद मंडलाच्या पाचव्या पायाला जोडायचा. पाचवा पाय म्हणजे त्या दोन तृतीयांशाच्या मर्यादेचा कान. तेथील दाब वाढवला की माठ जास्त भरावा लागतो, वेळ जास्त लागतो, सूर उतरतो. कमी केला की सूर चढतो. जलद मंडलाच्या तिसऱ्या पायाला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४७ ओहमचा रोध यांमधून ८ ओहमचा लाऊडस्पीकर जोडला, ९ व्होल्टची बॅटरी लावली, की दोन सुरांचा भोंगा बोलू लागतो.

युद्धातल्यासारखा सलग चढउतार हवा असेल तर संथ मंडलाच्या तिसऱ्या पायाऐवजी त्याच्या कपॅसिटरवरचा दाब एका ट्रान्झिस्टरमार्फत पाचव्या पायाला द्यायचा, कारण तो दाब टप्प्याने न बदलता हळूहळू बदलतो. मोटरच्या जडपणामुळे जो आवाज आपोआप तयार झाला होता, त्याची नक्कल आता इलेक्ट्रॉनिक मंडल मुद्दाम करते. लोकांच्या कानांना तो आवाज म्हणजेच धोका अशी सवय झाली होती.

आवाज किती दूर जातो याचेही गणित सोपे आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. ३० मीटरवर १०० डेसिबल देणारा मोठा भोंगा एक किलोमीटरवर जेमतेम ७० डेसिबल देतो. मध्ये जाड भिंत आणि बंद दार आले तर आणखी कमी.

केव्हा वाजवायचा?

भोंगा तयार झाला. आता मूळ प्रश्न. त्याला कोणी सांगायचे की वाज?

याचा विचार पहिल्यांदा मांडला गेला त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. ऑक्टोबर १८६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर दोन आठवड्यांतच जे. डी. कूपर नावाच्या गृहस्थांनी तेथील एका वृत्तपत्रात एक योजना सुचवली. शहरापासून १० ते १०० मैलांवर जमीन हलली की तारेतून प्रवाह सोडणारी साधी यंत्रे बसवावीत. तारायंत्राचा संदेश भूकंपाच्या लाटेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. तो शहरात येऊन नगरभवनाच्या मनोऱ्यावरील मोठी घंटा वाजवील आणि लाट पोहोचण्यापूर्वी लोक सावध होतील. कल्पना अचूक होती. ती प्रत्यक्षात यायला शतकाहून अधिक काळ जावा लागला.

नंतरच्या काळात तिला आणखी एक आधार मिळाला. भूकंपातून दोन मुख्य लाटा जमिनीच्या पोटातून निघतात. प्राथमिक लाट कठीण खडकात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, तिचा धक्का सौम्य असतो. दुय्यम लाट सुमारे साडेतीन किलोमीटर धावते आणि घरे पाडण्याचे काम मुख्यतः ती करते. विजा चमकल्यावर गडगडाट नंतर ऐकू येतो तसेच हे. पहिली लाट म्हणजे निरोप, दुसरी म्हणजे संकट.

हे आकडे किल्लारीला लावून पाहू. भूकंपाचा उगम उथळ होता. गणितापुरता तो गावाच्या बरोबर खाली १० किलोमीटरवर धरू. प्राथमिक लाट १.७ सेकंदांत वर आली, दुय्यम २.९ सेकंदांत. मधला अवकाश १.२ सेकंदांचा. एवढ्या वेळात यंत्राने धक्का ओळखायचा, भोंगा वाजवायचा, झोपलेल्याने जागे व्हायचे, अंधारात मूल उचलायचे, कडी काढायची आणि बाहेर पडायचे. मोटरचा भोंगा तर या वेळात नीट सूरही धरणार नाही.

लातूर शहर सरळ रेषेत ४० किलोमीटरवर. तेथे दोन लाटांमध्ये सुमारे ५ सेकंद मिळतात. किल्लारीतच यंत्र असते आणि त्याने ३ सेकंदांत निर्णय घेऊन तारेने कळवले असते, तर लातूरला सुमारे ७ सेकंद मिळाले असते. हैदराबाद सुमारे २२० किलोमीटरवर, तेथे जवळजवळ ५८ सेकंद मिळाले असते, पण तेथे भूकंपाने घरे पडण्याचा प्रश्नच नव्हता. जेथे वेळ होता तेथे भोंग्याची गरज नव्हती आणि जेथे गरज होती तेथे वेळ नव्हता. वर्गातल्या त्या प्रश्नाचे हे उत्तर आहे आणि ते विद्यार्थ्यांना फळ्यावर स्वतः काढता येते.

मेक्सिको देशाची स्थिती वेगळी आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी पॅसिफिक किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाने साडेतीनशे किलोमीटर दूरच्या राजधानीत हजारो माणसे मारली, कारण ते शहर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसले आहे आणि तो गाळ दूरवरून आलेल्या लाटाही वाढवतो. म्हणजे तेथे धोकाही आहे आणि वेळही. १९९१ मध्ये किनाऱ्यावर भूकंपमापकांची साखळी बसली आणि १४ सप्टेंबर १९९५ च्या भूकंपात राजधानीला ७२ सेकंद आधी सूचना मिळाली. पण १९ सप्टेंबर २०१७ चा भूकंप शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर झाला. त्या दिवशी सकाळी ११ वाजता १९८५ च्या स्मरणार्थ भोंग्यांचा सराव झाला होता. दुपारी खरा भूकंप आला तेव्हा अनेक भागांत भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच आले. यंत्रणा तीच, पण अंतर बदलले. जपानमध्ये १ ऑक्टोबर २००७ पासून अशी सूचना सर्व जनतेला दिली जाते. आपल्याकडे हिमालयातील भूकंपांसाठी रुरकीच्या आय.आय.टी.ने उत्तराखंडात संवेदकांचे जाळे उभारले आणि २०२१ मध्ये त्याच्या सूचना मोबाइलवर देण्यास सुरुवात झाली. तेथेही दूरच्या मैदानी शहरांना जास्त सेकंद मिळतात, उगमाजवळच्या खेड्यांना फार थोडे.

लंबकाचा भूकंपसूचक

विज्ञान प्रदर्शनांत 'भूकंपसूचक यंत्र' पुष्कळदा दिसते. तारेला टांगलेला लंबक, त्याच्या टोकाची पितळी तार एका कड्याच्या मधोमध. हादरा बसला की तार कड्याला टेकते. हा स्पर्श क्षणाचाच असतो, म्हणून मध्ये एक एस.सी.आर. लावतात. त्याच्या द्वाराला एकदा प्रवाह मिळाला की तो चालू राहतो आणि भोंगा बंद करेपर्यंत वाजत राहतो. रचना शिकण्यासारखी आहे, विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावी. मात्र तिच्या दोन उणिवाही त्यांच्याकडूनच शोधून घ्याव्यात. पहिली अशी की रस्त्यावरचा ट्रक, वारा आणि आपटलेले दार यांत आणि भूकंपात तिला फरक कळत नाही. चार वेळा उगाच वाजलेला भोंगा पाचव्या वेळी कोणी ऐकत नाही. दुसरी उणीव अधिक मोलाची आहे. उगमाजवळ प्राथमिक लाट खालून येते आणि जमीन वर-खाली हलवते. टांगलेला लंबक आडव्या हालचालीला झुलतो, उभ्या हालचालीला जवळजवळ नाही. म्हणजे किल्लारीसारख्या ठिकाणी तो दुय्यम लाट आल्यावरच बोलेल. प्राथमिक लाट पकडायची तर वजन स्प्रिंगला टांगावे लागेल.

वेळ होता, पण वेगळा

मग किल्लारीत वेळ नव्हताच का? होता, आणि तो सेकंदांत मोजण्यासारखा नव्हता. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात किल्लारी परिसरात शंभराहून अधिक धक्के जाणवले. त्यांतला सर्वांत मोठा १८ ऑक्टोबरचा, तीव्रता चारच्या आसपास. जमिनीतून गुरगुरल्यासारखे आवाज येत. लोक घाबरले, नंतर धक्के थांबले आणि जीवन पूर्ववत झाले. येथे न्यायाने बोलले पाहिजे. अशा लहान धक्क्यांच्या मालिका बहुतेक वेळा आपोआप विरतात आणि त्यांतली कोणती मोठ्या भूकंपाची नांदी आहे हे सांगण्याचे शास्त्र तेव्हा नव्हते, आजही नाही. शिवाय त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला.

पण भूकंप कधी येणार हे न कळताही एक गोष्ट तपासता आली असती, ती म्हणजे घर. मराठवाड्यातले जुने खणाचे घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर आडव्या हादऱ्याला मात्र दुबळे. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आरपार दगड अनेक घरांत नव्हते, म्हणून दोन थर एकमेकांपासून सुटले. आणि वरचे ओझे? दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरले तर आठ टनांहून जास्त. हे वजन झोपलेल्या माणसांवर आले.

पाण्याच्या संकटाशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच दिवशी खडकवासल्याचेही. पुण्यापर्यंत येण्यासाठी पाण्याला कित्येक किलोमीटर नदी कापायची होती. अशा संकटात भोंगा, दूरध्वनी, ध्वनिक्षेपक, सगळेच माणसाच्या बाजूला असतात, फक्त ते वेळेवर वापरावे लागतात. पायाखालीच उगम असलेल्या भूकंपात ते काम भिंतीला करावे लागते. म्हणूनच १९९३ नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली, तेव्हा त्याबरोबर इतर गावांतील लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीचे कामही झाले. भिंतीत आरपार दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधणे, माळवदाची माती कमी करणे, अशी ती साधी कामे होती.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. १० जुलै २०२४ रोजी तेवढ्याच तीव्रतेचा पुन्हा झाला. माळवदाची घरे अजून गावोगावी उभी आहेत.

म्हणून एक उपक्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी वर दिलेला भोंगा बांधावा. तो वाजल्यापासून अंथरुणातून उठून घराबाहेर यायला किती सेकंद लागतात ते प्रत्येकाने घरी मोजावे, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवा न लावता. आजी-आजोबांचा वेळ वेगळा लिहावा. दुसऱ्या दिवशी हे आकडे फळ्यावर १.२ सेकंदांच्या शेजारी मांडावेत. मग प्रत्येकाने आपल्या घराच्या माळवदावरची माती पट्टीने मोजून तिचे वजन काढावे, आणि भिंतीत आरपार दगड आहेत का हे घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा गावातल्या गवंड्याला विचारावे. ज्या घरात हे दगड नाहीत आणि वर टनांनी माती आहे, त्या घराची गोष्ट त्या दिवशी वर्गातून घरी पोहोचेल.